बैलांच्या राखेतून उठलेला होडॅग

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडच्या जंगलात, लाकूडतोड्यांच्या छावण्यांमध्ये, एक गोष्ट सांगितली जायची. ओंडके ओढून ओढून बैल मेला की त्याला पुरायचं नाही, जाळायचं. तेही एकदा जाळून भागत नाही, सात वर्षं त्याची चिता धगधगती ठेवावी लागते. त्या बैलानं जन्मभर इतक्या शिव्या ऐकलेल्या असतात, इतके टोचे आणि फटके सोसलेले असतात, की ते सगळं त्याच्या हाडामांसात मुरलेलं असतं. साध्या आगीनं ते जात नाही. अशाच एका चितेची सात वर्षं भरली, तेव्हा राख हलली आणि तिच्यातून एक जनावर उठून उभं राहिलं. डोक्यावर बैलाची शिंगं, जबड्यातून बाहेर आलेले सुळे, आखूड जाड पाय, वाघासारखी नखं, पाठीच्या कण्यावर मानेपासून शेपटीपर्यंत काट्यांची रांग. बैलांनी आयुष्यभर जे सोसलं त्या सगळ्याचा तो अवतार होता. त्याचं नाव होडॅग.

ही उत्पत्तिकथा आपल्यापर्यंत पोहोचली ती ‘लेक शोअर’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या ल्यूक कार्नीमुळे. तो स्वतः त्या जंगलांतला माणूस. होडॅग आणि छावण्यांतल्या इतर गोष्टींचं त्याचं पुस्तक १९२८ साली निघालं. तोवर होडॅग देशभर गाजून गेला होता, पण वेगळ्या कारणानं. युजीन शेपर्ड नावाच्या एका खटपटी माणसानं तो ‘पकडून’ जत्रेत मांडला होता. अमेरिकेत होडॅगची गोष्ट आजही बहुतेक वेळा शेपर्डच्या फसवणुकीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. मला ती बैलापासून सुरू करावीशी वाटते, कारण बैल, जंगल आणि तिथे राबणारी माणसं बाजूला काढली तर होडॅग नुसता एक गमतीदार पुतळा उरतो.

आधी जंगल. लेक सुपीरियरच्या दक्षिणेला, विस्कॉन्सिन राज्याच्या वरच्या भागात, पांढऱ्या पाइनची अफाट राई होती. दोनदोनशे वर्षांचे, शंभर-सव्वाशे फूट सरळ वर गेलेले वृक्ष. लाकूड हलकं, मऊ, करवतीला सोपं. शिवाय ते पाण्यावर तरंगतं, आणि रेल्वे नसलेल्या मुलखात हा सर्वांत मोठा गुण होता. हे जंगल ओजिब्वे, मेनॉमिनी आणि इतर मूलनिवासी लोकांचं होतं. १८३६ साली मेनॉमिनींशी आणि १८३७ व १८४२ साली ओजिब्वेंशी झालेल्या तहांत उत्तर विस्कॉन्सिनचा बहुतेक भाग अमेरिकी सरकारनं घेतला. १८३७च्या तहाला तर पुढे पाइनचाच तह म्हटलं गेलं, कारण सरकारला हवं होतं ते लाकूडच. ओजिब्वेंनी या भूमीवर शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करण्याचा हक्क आपल्याकडे राखून ठेवला होता. तरीही १८५०च्या हिवाळ्यात त्यांना मिळायची वार्षिक रक्कम मुद्दाम दूर मिनेसोटातल्या सँडी लेकला वाटायची असं ठरवून त्यांना तिकडे बोलावण्यात आलं. धान्य कुजकं निघालं, पैसे वेळेवर आले नाहीत, रोगराई आणि परतीच्या वाटेवरची थंडी यांत चारशेच्या आसपास माणसं मेली. १८५४च्या ला पॉइंटच्या तहानंतर त्यांना राखीव प्रदेश मिळाले, आणि बाकीचं जंगल विक्रीला निघालं. एकरी सव्वा डॉलर हा सरकारी भाव होता.

या जंगलाच्या लाकडावर मिडवेस्टची शहरं उभी राहिली. वृक्ष नसलेल्या प्रेअरीवर येऊन वसणाऱ्या शेतकऱ्याचं घर, कोठार, कुंपण, सगळं इथल्या आणि मिशिगनच्या पाइनचं. कॉर्नेल विद्यापीठाच्या तिजोरीतही विस्कॉन्सिनच्या पाइनचा पैसा आहे. सरकारी अनुदानाच्या हुंड्यांवर एझ्रा कॉर्नेलनं इथली सुमारे पाच लाख एकर जमीन विद्यापीठासाठी मिळवली होती आणि तिच्या विक्रीतून पुढे जवळजवळ पन्नास लाख डॉलर आले. तोडीत मागे राहणाऱ्या फांद्या, शेंडे आणि साली यांचे ढीग उन्हात वाळत पडत. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री त्याच विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो हे लाकडाच्या गिरणीचं गाव आसपासच्या वस्त्यांसकट जळालं. बाराशेहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री शिकागोही पेटलं, म्हणून जगाला शिकागोची आग आठवते. शिकागो पुन्हा बांधायला लाकूड अर्थातच याच जंगलांमधून गेलं.

तोडीचा हंगाम हिवाळ्यात असे. नोव्हेंबरात माणसं छावणीत शिरत आणि मार्चमध्ये बाहेर पडत. नॉर्वेजियन, स्वीडिश, आयरिश, जर्मन, पोलिश, फिनिश, कॅनडातून आलेले फ्रेंच अशी सगळ्या मुलखांची माणसं एका लांबट ओंडक्यांच्या खोलीत दाटीवाटीनं झोपत. मध्ये शेगडी, तिच्यावर तारेला टांगलेले पन्नास-साठ ओले मोजे, त्यांचा आणि तंबाखूचा वास. अंधार असतानाच उठायचं, न बोलता जेवायचं. जेवताना बोलू नये हा बहुतेक छावण्यांत स्वयंपाक्याचा सक्त नियम होता, कारण बोलण्यातून वेळ जातो आणि मारामाऱ्या होतात. मग दोघांनी धरायची लांब करवत घेऊन बर्फात उभं राहायचं. रात्री पाण्याच्या टाकीची घसरगाडी रस्त्यावर पाणी सोडत जाई. पहाटेपर्यंत त्याचा बर्फ होई आणि त्या गुळगुळीत चाकोरीवरून ओंडक्यांनी लादलेल्या गाड्या नदीकाठी जात. ओंडक्याच्या टोकावर मालकाच्या खुणेचा हातोडा मारलेला असे. वसंतात बर्फ वितळलं की सगळे ओंडके नदीत लोटायचे आणि त्यांच्यावर उड्या मारत, अडलेले मोकळे करत, गिरण्यांपर्यंत न्यायचे.

तोडलेला ओंडका झाडाच्या बुंध्यापासून रस्त्यापर्यंत आणायचं काम बैलांचं. पुढे घोडे आले, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं बैलच होते. बैलाला घोड्यासारखा ओटचा खुराक लागत नाही, दलदलीतलं गवत खाऊन तो जगतो. चिखलात, बर्फात तो बिथरत नाही. आणि निकामी झाला की त्याचं मांस छावणीच्या ताटात येतं. बैल हाकणारा माणूस छावणीत दोन गोष्टींसाठी नावाजलेला असे, त्याची टोचणी आणि त्याची जीभ. त्याच्या शिव्या इतक्या प्रसिद्ध होत्या की बैलाला सात वर्षं जाळल्याशिवाय त्या निघत नाहीत ही कल्पना ऐकणाऱ्याला लगेच पटे. बैलांचे ते हाल ज्यानं रोज स्वतः पाहिलेले आहेत त्यालाच ही गोष्ट सुचू शकते. ती सांगणाऱ्याला बैलाबद्दल काहीतरी टोचत होतं, असं मला वाटतं.

संध्याकाळी जेवणानंतर थोडा वेळ मिळे. झोपण्याच्या फळ्यांच्या पायथ्याशी उभा चिरलेला लांबच लांब ओंडका बाकासारखा ठेवलेला असे, त्याला ‘डीकन सीट’ म्हणत. त्याच्यावर बसून गोष्टी चालत. नऊला दिवे मालवत. नवखं पोरगं आलं की त्याला बसवून जंगलातल्या जनावरांची माहिती द्यायची. एक जनावर नेहमी आपल्या पाठीमागे असतं, कितीही झटकन वळलं तरी दिसत नाही. जंगलात गेलेला माणूस परतला नाही तर त्यानंच नेला. एक रानमांजर वादळी रात्री डोकं आपटून झाडं फोडतं; सकाळी चिरफळ्या उडालेली झाडं दिसतात ती त्याचीच. एका कुत्र्याला कुऱ्हाडीचे दांडे खायची चटक असते. दांडा हरवला तर मुकादमाला काय सांगायचं ते यातून ठरलेलं. एका जनावराचे एका बाजूचे पाय आखूड असतात, म्हणून ते डोंगराच्या उतारावर एकाच दिशेनं फिरू शकतं. पेन्सिल्व्हेनियाच्या हेमलॉकच्या रानात स्क्वाँक नावाचं एक जनावर आहे, चामखिळींनी भरलेल्या आपल्या कातडीची लाज वाटून ते सतत रडतं. पोत्यात धरून नेलं तर वाटेत पोतं हलकं होतं, उघडून पाहावं तर आत नुसते अश्रू आणि फेस.

या प्रत्येक जनावराखाली एक खरी भीती किंवा खरं नुकसान आहे. झाड कोसळताना तुटून वर अधांतरी अडकलेली फांदी केव्हा खाली येईल सांगता येत नसे. तिला लाकूडतोडे ‘विडोमेकर’ म्हणत. माणसं खरोखरच जंगलात जाऊन परतत नसत. वीज आणि वादळं खरोखर झाडं फोडत. नवख्याला हसून सांगितलेल्या या गोष्टींनी त्याला मागे पाहायची, वर पाहायची सवय लावली. १९१० साली मिनेसोटाचा राज्य वनाधिकारी विल्यम कॉक्स यानं या प्राण्यांचं सचित्र पुस्तक काढलं आणि १९३९ साली हेन्री ट्रायन यानं दुसरं. वनखात्यातल्या जाणत्या माणसांना हे जतन करावंसं वाटलं, कारण जंगलं जात होती आणि त्यांच्याबरोबर ही जनावरंही. पुढे थेट अर्जेंटिनात बसून बोर्हेस या लेखकानं आपल्या काल्पनिक प्राण्यांच्या ग्रंथात स्क्वाँकला जागा दिली. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा काल्पनिक पशू कोरलेला असतो. त्याच्यामागे राजा असतो, पाथरवट असतो, दगड असतो. डीकन सीटवरच्या जनावरांमागे फक्त दिवसभर थकलेल्या माणसांची जीभ होती.

आता युजीन शेपर्ड. जन्म १८५४चा, ग्रीन बेजवळ फोर्ट हॉवर्ड इथला. त्याचा धंदा टिंबर क्रूझरचा, म्हणजे उभ्या जंगलाची किंमत ठरवणाऱ्याचा. सरकारनं सगळा मुलूख मैल-मैलाच्या चौकोनांत आखलेला होता. क्रूझर होकायंत्र घेऊन, पावलं मोजत, कोपऱ्यावरच्या खुणेचं झाड शोधत चालत जाई आणि प्रत्येक चाळीस एकरांच्या तुकड्यात किती बोर्डफूट लाकूड निघेल हे केवळ नजरेनं सांगे. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्डफूट. कुठे चांगला पाइन आहे ही बातमी सोन्यासारखी. ती फुटायच्या आत जमीन कचेरीत पोहोचणारा श्रीमंत होई. महिनोन्‌महिने जंगलात राहणाऱ्या, ओजिब्वे वाटाड्यांबरोबर हिंडणाऱ्या, सगळ्या छावण्यांत जेवणाऱ्या या माणसाला जंगल जितकं ठाऊक होतं तितकं फार थोड्यांना असेल. होडॅगच्या गोष्टीही त्यानं तिथेच ऐकल्या असणार. कदाचित आणखीही काही त्याच्या कानावर आणि नजरेवर आलं असेल. ओजिब्वेंच्या श्रद्धेत सरोवराच्या तळाशी राहणारा मिशिपेशू हा शिंगं असलेला, पाठीवर आणि शेपटीवर काटे असलेला पाण्यातला बलवान जीव आहे. लेक सुपीरियरच्या काठी अगावाच्या कड्यावर त्याचं तांबड्या मातीनं काढलेलं चित्र आहे. ते चित्र आणि होडॅग शेजारी ठेवले की साम्य नजरेत भरतं.

शेपर्ड येऊन स्थिरावला ते ऱ्हाइनलँडर हे गाव विस्कॉन्सिन आणि पेलिकन नद्यांच्या संगमावरचं. आधी त्याला पेलिकन रॅपिड्स म्हणत. गाव वसवणाऱ्या ब्राउन कुटुंबाला तिथे रेल्वे हवी होती, म्हणून त्यांनी रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं, फ्रेडरिक ऱ्हाइनलँडरचं, नाव गावाला दिलं. १८८२ साली रेल्वे आली. दहा वर्षांत सॉमिलच्या करवतींचा आवाज आणि भुशाचे डोंगर हीच गावाची ओळख झाली.

१८९२ साली विस्कॉन्सिनच्या तोडीनं शिखर गाठलं, चार अब्ज बोर्डफुटांच्या वर. पुढच्याच वर्षी देशात मोठी मंदी आली, बँका बुडाल्या. त्याच १८९३च्या जुलैत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकानं निबंध वाचला: अमेरिकेची सरहद्द, मोकळ्या जमिनीचा तो पट्टा, आता उरलेला नाही, आणि त्याबरोबर या देशाच्या इतिहासाचं पहिलं पर्व संपलं. टर्नर पोर्टेजचा. विस्कॉन्सिन नदी ऱ्हाइनलँडरहून खाली वाहत पोर्टेजला येते, आणि त्याच्या लहानपणी तिच्यावरून तराफे जाताना दिसत. जे टर्नरनं विद्वानांपुढे मांडलं ते नदीच्या वरच्या टोकाला क्रूझरला रोज पायी चालून कळत होतं. पाइन संपत आला होता.

त्या ऑक्टोबरच्या अखेरीस ऱ्हाइनलँडरच्या वर्तमानपत्रात बातमी आली. शेपर्ड आणि त्याच्या साथीदारांना जंगलात एक भयंकर जनावर दिसलं. बेडकाचं डोकं, हत्तीचा पण दात विचकलेला चेहरा, जाड आखूड पाय, डायनोसॉरची पाठ, भाल्यांनी संपणारी शेपटी. कुत्र्यांना त्यानं फाडलं, बंदुका चालल्या नाहीत, शेवटी डायनामाइटनं उडवावं लागलं. उरलेल्या जळक्या अवशेषांचा फोटोही फिरला. पाठीला डायनोसॉरची उपमा मिळाली हे त्या काळाचं चिन्ह आहे. मार्श आणि कोप या दोन शास्त्रज्ञांच्या हाडं खणून काढण्याच्या चुरशीनं गेली वीस वर्षं वर्तमानपत्रं भरत होती. पाठीवर पाट्यांची रांग असलेल्या स्टेगोसॉरसचं नाव जगाला १८७७ साली कळलं होतं. जमिनीखालून असे प्राणी खरोखर निघत असताना जंगलात एखादा जिवंत का नसेल, असं वाटणाऱ्याला मूर्ख म्हणता येत नाही. आणि तयार केलेल्या चमत्काराला तिकीट लावायची परंपराही जुनी होती. न्यूयॉर्क राज्यात कार्डिफला १८६९ साली जमिनीत पुरून ‘सापडवलेल्या’ दगडी राक्षसानं हजारो लोकांचे पैसे घेतले होते, आणि तो विकत मिळेना तेव्हा बार्नम या खेळवाल्यानं त्याची नक्कल करून तिचाच खेळ लावला होता.

१८९६ साली शेपर्डनं जाहीर केलं की या वेळी होडॅग जिवंत पकडला आहे. अस्वलांशी झुंजणारे गडी घेऊन तो गुहेपाशी गेला, तोंड बंद केलं आणि लांब काठीच्या टोकाला क्लोरोफॉर्म लावून आत सारलं. होडॅग खातो फक्त पांढरे बुलडॉग, तेही फक्त रविवारी, हेही त्यानं लोकांना सांगितलं. रविवार हा छावणीतला सुट्टीचा दिवस, गोष्टी जास्त रंगायच्या त्याही त्याच दिवशी. बुलडॉगचा हा तपशील छावणीच्या भट्टीतून आलेला दिसतो.

त्या वर्षी ऱ्हाइनलँडर ज्यात येतं त्या ओनायडा कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, पहिली जत्रा भरली. शेपर्डच्या तंबूत अंधार होता. दाराशी पैसे द्यायचे, आत पडद्यापाशी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. मागे मंद उजेडात काहीतरी मोठं, केसाळ, काटेरी दिसे. शेपर्ड बोलत असे, आणि त्याच्याइतकं बोलणं कोणाला येत नव्हतं. बोलता बोलता पलीकडून गुरगुर येई, त्या अंगाला झटका बसे, आणि पुढची रांग मागच्या रांगेवर कोसळत बाहेर पळे. लाकडाचं कोरलेलं धड, त्यावर ताणलेलं बैलाचं कातडं, पाठीवर रांगेनं ठोकलेली गुरांची शिंगं, आणि हलवायला तारा; तारा ओढणारे त्याच्या घरचेच लोक. कातडं बैलाचं आणि काटे गुरांच्या शिंगांचे, हे मी पुन्हा लिहितो, कारण छावणीतल्या गोष्टीत बैलांच्या राखेतून उठलेलं जनावर जत्रेत खरोखरच बैलांच्या अंगाचं बनवलेलं होतं. घडवणाऱ्यांच्या मनात हे किती होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. साहित्य मात्र गावात भरपूर होतं.

जत्रेनंतर लोक शेपर्डच्या घरामागच्या खोपटात होडॅग पाहायला येत राहिले. बातमी राज्याबाहेर गेली. शेवटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ तपासायला येणार अशी वार्ता आली आणि शेपर्डनं सगळं बनावट असल्याचं कबूल केलं, असं सांगतात. कबुलीनं काही बिघडलं नाही. लोक येतच राहिले. कुऱ्हाडी, दांडे उगारून उभ्या गावकऱ्यांच्या गराड्यातल्या होडॅगचा मांडून काढलेला फोटो पोस्टकार्डांवरून देशभर गेला.

शेपर्डला हे पैशासाठी हवं होतं का? दाराशी गोळा झालेल्या नाण्यांपुरतं म्हणाल तर नाही. तो आता जमिनीचे व्यवहारही करत होता. पाइन कापून झालेली लाखो एकर जमीन लाकूड कंपन्यांच्या हातात पडून होती आणि ती कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती. त्याच १८९६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेतकी शाखेचे प्रमुख विल्यम हेन्री यांनी सरकारच्या सांगण्यावरून उत्तर विस्कॉन्सिनमध्ये घर करू पाहणाऱ्यांसाठी माहितीपुस्तक काढलं. त्यात तोडलेल्या जंगलाच्या जागी हिरवीगार शेती उभी राहील, असा भरवसा होता. कौंटीची जत्राही बटाटे, गवत आणि दूध या मातीत किती छान होतं ते दाखवण्यासाठीच. होडॅग पाहायला आलेला माणूस जमीन पाहूनही जाई. जंगलाच्या मजुरांनी आपल्या बैलांसाठी रचलेलं जनावर त्या उजाड जमिनीच्या विक्रीला जुंपलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. शेपर्ड गोष्टीवेल्हाळ होता, कल्पक होता, हे मान्य करूनही.

कारण ती जमीन शेतीची नव्हती. हिमनद्यांनी मागे टाकलेली वाळू आणि धोंडे, वर पाइनच्या सुयांचा पातळ थर, आणि गोठवणाऱ्या दंवाविना जाणारे दिवस मोजकेच. पोलंडहून, फिनलंडहून, शिकागोच्या कारखान्यांतून आलेल्या कुटुंबांनी या जमिनी विकत घेतल्या. पहिलं काम बुडख्यांचं. एकेक बुडखा खणायला, ओढायला दिवस जाई. ज्या डायनामाइटनं पहिला होडॅग मेल्याचं सांगितलं गेलं, त्यानंच शेतकरी बुडखे उडवू लागले, आणि पहिल्या महायुद्धानंतर उरलेली स्फोटकंही याच कामासाठी वाटली गेली. बायकापोरं दगड वेचत. वर्षाकाठी एखादा एकर मोकळा झाला तरी पुष्कळ. १९२०च्या दशकात शेतमालाचे भाव पडले आणि लोक जमिनी सोडून जाऊ लागले. कर थकले. तरीही जंगलात एकटं पडलेल्या एखाद्या घरासाठी कौंटीला रस्ता राखावा लागे, शाळा चालवावी लागे. तेव्हा १९३३ साली ओनायडा कौंटीनं नियम केला की ठरावीक भागात नवी शेती करायची नाही, नवी वस्ती करायची नाही, तिथे फक्त जंगल आणि विहार राहील. ग्रामीण जमिनीचा वापर असा बांधून देणारा हा अमेरिकेतला पहिला सर्वंकष कायदा मानला जातो. ज्या कौंटीनं १८९६च्या जत्रेत शेतकऱ्यांना बोलावलं, तिनंच सदतीस वर्षांनी ती हाक अधिकृतपणे मागे घेतली.

शेपर्डनं ते पाहिलं नाही. सरोवराकाठी पाहुण्यांसाठी जागा चालवताना त्यानं शेवाळाला अत्तर लावून सुगंधी रानशेवाळ म्हणून दाखवलं, तारेवर उडी मारणारा खोटा मासा पाण्यात सोडला, अशा हकिकती आहेत. १९२३ साली तो गेला. त्याचं चरित्र कर्ट कोर्टेनहॉफ यानं लिहिलं आहे आणि शेपर्ड कसा होता ते जाणून घ्यायला आजही त्याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही.

गावानं होडॅग सोडला नाही. सॉमिल गेल्या, १९०३ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्यानं गावाला तगवलं, मग सरोवरं पाहायला पर्यटक आले. आठेक हजार वस्तीच्या ऱ्हाइनलँडरमध्ये आज शाळेच्या संघांना होडॅग म्हणतात, व्यापारी मंडळाच्या कचेरीसमोर फायबरग्लासचा हिरवा होडॅग उभा आहे, १९७८पासून दर उन्हाळ्यात त्याच्या नावानं संगीतमहोत्सव भरतो. मुलं पुतळ्यावर चढून फोटो काढतात. बैलांची आणि त्यांच्या राखेची गोष्ट सांगितली तर तीही त्यांना आवडेल, अशी माझी खात्री आहे. गावातल्या शाळांनी ती सांगावी.

आणि त्या भागात कधी जाणं झालंच तर पुतळा पाहून आणखी शंभरेक किलोमीटर आग्नेयेला जा. शेपर्ड जन्मला त्याच १८५४ साली, वुल्फ नदीच्या तहानं, मेनॉमिनी लोकांना स्वतःच्या जुन्या मुलखातलाच एक तुकडा राहायला मिळाला. त्यांच्याकडेही पाइन होता, सॉमिल होती, आणि कंत्राटदारांचा, सरकारचा दबावही होता. १९५४च्या कायद्यानं तर त्यांचं जमात म्हणून असलेलं अस्तित्वच सरकारनं मोडीत काढलं आणि १९७३ साली ते त्यांना लढून परत मिळवावं लागलं. त्या सगळ्यात त्यांनी एक रीत सोडली नाही: पिकलेलं, आजारी, पडलेलं झाड आधी तोडायचं आणि जंगलाला भरून यायला वेळ द्यायचा. दोन लाख एकरांहून मोठ्या त्या जंगलातून आजवर दोन अब्ज बोर्डफुटांपेक्षा जास्त लाकूड निघालं आहे, आणि आज तिथे उभं असलेलं लाकूड १८५४ साली होतं त्यापेक्षा जास्त आहे.